राखणदाराचे वस्त्र हेही शेतीचे अवजारच

शेतीच्या अवजारांची गणना करावयास सांगितले, तर नांगर, कोयता, विळा, फवारणीचा पंप, पॉवर टिलर ही नावे शेतकऱ्याच्या तोंडी चटकन येतात. अंगावरील वस्त्र त्या गणनेत कधीच येत नाही. विळ्याला धार नसेल तर कापणी अडते, हे सर्वांस पटते. परंतु रात्री पिकाची राखण करणाऱ्या माणसाच्या अंगावर योग्य वस्त्र नसेल तर राखणच अडते, ही गोष्ट अजून आपल्या ध्यानात आलेली नाही. वस्त्र ही ज्याची त्याची घरगुती बाब आहे, अशी समजूत करून घेऊन शेतकरी आणि विस्तारकार्य करणारे कार्यकर्ते या दोघांनीही या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले आहे. या दुर्लक्षाची किंमत दरवर्षी उभ्या पिकाच्या रूपाने मोजावी लागते.

खांब परिसरातील राखण

रायगड जिल्ह्याच्या रोहे तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणे व कोलाड यांच्या दरम्यान खांब हे गाव आहे. सखल भागात भातखाचरे आणि जवळच जंगलाने झाकलेले डोंगर, अशी या पट्ट्याची ठेवण आहे. पेणपासून रोह्यापर्यंतच्या बहुतेक गावांचे चित्र याहून फारसे निराळे नाही. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस या भागात पडतो. आश्विनात हळवे भात पिकू लागते, त्यामागून निमगरवे व गरवे येते. भात निघाल्यावर जमिनीच्या ओलीवर वाल पेरला जातो. आणि जेथे कुंडलिकेच्या कालव्याचे पाणी मिळते तेथे उन्हाळी भातही होते. म्हणजे आश्विनापासून चैत्र-वैशाखापर्यंत कोठे ना कोठे पीक उभेच असते आणि त्यावर रानडुकरांचा डोळाही असतो.

रानडुक्कर हे मुख्यतः रात्री चरणारे जनावर आहे. माणसाची जाग असेपर्यंत ते दबा धरून असते आणि मध्यरात्रीनंतर सामसूम झाली की खाचरात उतरते. कळप एकदा शिरला की खातो त्यापेक्षा अधिक तुडवितो. त्यामुळे राखणदाराची खरी कसोटी संध्याकाळी नव्हे, तर मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत लागते. नेमक्या याच वेळी दव पडते, वारा गार होतो आणि माळ्यावर बसलेल्या माणसाचे अंग गारठू लागते. अंगावर ओला सुती सदरा आणि वर एक चादर एवढ्याच बळावर आलेला राखणदार अशा वेळी घराची वाट धरतो. त्यात त्याचा आळस नसतो. शरीराने साथ सोडल्यावर मनुष्य दुसरे काय करणार? परंतु तो उठून गेला की शेत उघडे पडते. अपुऱ्या वस्त्रानिशी केलेली राखण ही अर्धीच राखण होय.

शिकाऱ्याचा पोशाख, राखणदाराचे काम

रानात रात्र काढणाऱ्या माणसाच्या पोशाखाचा विचार पूर्वी शिकारी करीत असत. रोहे व मुरूड तालुक्यांच्या सीमेवरील फणसाडचे जंगल हे जंजिरा संस्थानच्या नबाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले. तत्पूर्वीच, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपविले होते. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासही सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून मारता येत नाही. सर्वसामान्य शेतकऱ्याच्या हाती उरतात ती जागरण, आरोळी, डब्याचा आवाज, विजेरी आणि कुंपण ही साधने. नुकसान झालेच तर विलंब न लावता वनखात्यास कळवून पंचनामा करून घेणे व भरपाई मागणे, हा त्याचा हक्क आहे.

जागरण नको म्हणून काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून वीजप्रवाह सोडला जातो. हा मार्ग कायद्याने गुन्हा आहे. अशा तारेला जनावरांप्रमाणेच वाटसरू, गुराखी आणि कित्येकदा खुद्द शेतमालकही बळी पडतो. एका रात्रीच्या थंडीपासून सुटका व्हावी म्हणून माणसाचा जीव धोक्यात घालणे कोणत्याही विचारी शेतकऱ्यास शोभणारे नाही. म्हणून शिकार गेली तरी शिकाऱ्याच्या पोशाखातील शहाणपण शेतकऱ्याने सोडू नये. हे शहाणपण एवढेच की, अंगाशी लोकर असावी आणि वस्त्रे एकावर एक थरांनी घालावीत.

लोकरीचा गुण

लोकरीचा तंतू नागमोडी असतो. त्यामुळे तंतूंच्या मध्ये हवा कोंडून राहते आणि ही स्थिर हवाच शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. दुसरा गुण कोकणाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा तंतूच्या आत शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. इतकेच नव्हे, तर ओलावा शोषताना तिच्यातून थोडी उष्णताही बाहेर पडते. सुती कापडाचे याच्या उलट आहे. ते भिजले की अंगाला चिकटते, त्यातील हवा निघून जाते आणि ते वाळेपर्यंत शरीराचीच उष्णता खर्ची पडते. म्हणूनच घामाने किंवा दवाने ओला झालेला सुती सदरा पहाटे अंगावर असणे, हे उघड्या अंगाहूनही त्रासदायक ठरू शकते.

तिसरा गुण शेकोटीशी निगडित आहे. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर तेवढी जागा करपते आणि विस्तव बहुधा तेथेच विझतो. कृत्रिम धाग्याचे स्वस्त ब्लँकेट मात्र ठिणगीने वितळते आणि तो वितळलेला धागा कातडीला चिकटून खोल भाजतो. ज्या माणसास रात्रभर शेकोटीच्या कडेला बसावयाचे आहे, त्याने हा फरक अवश्य लक्षात ठेवावा.

लोकरीच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. आषाढाच्या धुवाधार पावसात तासन्‌तास उभे राहिल्यास घोंगडीही अखेर भिजते, अतिशय जड होते आणि वाळावयास दोन-दोन दिवस घेते. पाऊस थोपविणे हे तिचे काम नव्हे. उलटपक्षी प्लॅस्टिकचे कापड पाऊस थोपविते, पण घामही आतच कोंडून ठेवते आणि ऊब मुळीच देत नाही. पाऊस अडविणारे वस्त्र निराळे आणि ऊब देणारे वस्त्र निराळे. या दोहोंची कामे एकाच कपड्यावर सोपविल्यामुळेच बहुतेकांची फसगत होते.

थरांचे तत्त्व

एक जाड वस्त्र अंगावर घेण्यापेक्षा तीन पातळ वस्त्रे घेणे अधिक हितावह असते. प्रत्येक दोन वस्त्रांच्या मध्ये हवेचा एक थर तयार होतो आणि हवामान बदलेल तसा एखादा थर काढता वा चढविता येतो. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसा झालेला गिर्यारोहक जॉर्ज मॅलरी याचा देह १९९९ मध्ये सापडला, तेव्हा त्याच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे अनेक थर आढळले. त्याच धर्तीचा पोशाख नव्याने तयार करून २००६ मध्ये एव्हरेस्टवरच वापरून पाहण्यात आला, तेव्हा तो हलका व उबदार असल्याचे दिसून आले. जे तत्त्व हिमालयाच्या उंचीवर उपयोगी पडते, ते खांबच्या शिवारात निरुपयोगी ठरण्याचे कारण नाही.

राखणदारासाठी हे तीन थर पुढीलप्रमाणे असावेत. अंगालगत एक कोरडा, सैल सदरा किंवा बंडी. त्यावर लोकरीची बिनबाह्यांची बंडी किंवा स्वेटर. आणि सर्वांवर घोंगडी, जिला कोकणात कांबळे असेही म्हणतात. डोक्याला व कानांना झाकणारी लोकरीची कानटोपी किंवा मफलर असावा. पाऊस असेल तेव्हा या सर्वांवर इरले किंवा प्लॅस्टिकची खोळ घ्यावी, मात्र ती गळ्याशी व बाजूंनी मोकळी असावी, म्हणजे घामाच्या वाफेस वाट मिळते.

यात एक नियम कटाक्षाने पाळावा. शेताकडे चढण चढत जाताना लोकरीचे कपडे अंगात न घालता खांद्यावर घ्यावेत. चालण्याने घाम येतो आणि तोच घाम पुढे पहाटे गारठवितो. माळ्यावर पोचल्यावर अंग पुसून, कोरडा सदरा घालून मग लोकर चढवावी. एक जादा सदरा पिशवीत नेण्यास काही खर्च लागत नाही. परंतु राखणीची अर्धी सोय त्यातच असते.

ऋतुमानाप्रमाणे निवड

कोकणात थंडी एकाच तऱ्हेची नसते, म्हणून पोशाखही वर्षभर एकच असून चालत नाही.

आश्विनात हळवे भात तयार होते तेव्हा परतीचा पाऊस अचानक येतो. दिवसा उकाडा, संध्याकाळी सर आणि रात्री दमट गारवा, असा हा काळ असतो. या दिवसांत वरून पाऊस अडविणारी खोळ आणि आत पातळ लोकरीचा एकच थर पुरे होतो. घोंगडी बरोबर असावी, पण ती माळ्यावर कोरडी ठेवावी आणि पाऊस थांबल्यावर वापरावी.

कार्तिक-मार्गशीर्षात गरव्याची राखण व खळ्यावरील राखण असते. पाऊस सरलेला असतो, परंतु दव भरपूर पडते. येथे घोंगडी आपले खरे काम करते. दवाचे थेंब तिच्या राठ केसांवर वरच राहतात व सकाळी झटकले की निघून जातात.

पौष-माघात वालाच्या शेंगा भरतात. गावोगावी भांबुर्ड्याच्या पाल्यात पोपटी लागते तो हाच काळ. रात्री वर्षातील सर्वांत थंड असतात, पण हवा कोरडी असते. तिन्ही थर या वेळी लागतात. शिवाय खालून येणारी थंडी विसरू नये. माळ्याच्या फळीवर किंवा जमिनीवर गवताचा जाड थर, त्यावर गोणपाट आणि त्यावर बसून वरून घोंगडी, अशी बैठक असावी. पुष्कळ जण दोन घोंगड्या पांघरतात आणि बसतात मात्र उघड्या फळीवर. अंगाची बरीच ऊब खालून निघून जाते.

फाल्गुनापासून पुढे दिवसा ऊन कडक होते, तरी उन्हाळी भाताची राखण करणाऱ्यास पहाटेचा गारवा जाणवतोच. येथे एक लोकरीची बंडी व चादर पुरते. थंडीवर उतारा म्हणून दारू घेण्याची चाल मात्र सर्व ऋतूंत घातकच होय. दारूने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे ऊब आल्याचा भास होतो आणि प्रत्यक्षात शरीराची उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते.

पारख आणि निगा

बाजारात घोंगडीच्या नावाखाली कृत्रिम धाग्याची भेसळ असलेला माल विकला जातो. त्याची परीक्षा सोपी आहे. काठाचा एक धागा ओढून घेऊन काडीने जाळून पाहावा. लोकरीचा धागा केस जळाल्याचा वास देतो आणि त्याची राख बोटाने चुरडता येते. कृत्रिम धागा वितळतो व त्याची कठीण गोळी बनते. सुती धागा कागदाप्रमाणे भुरकन जळतो. यानंतर घोंगडी उजेडासमोर धरून वीण पाहावी. वीण दाट व सारखी असावी, काठ पक्के असावेत आणि जोड असल्यास तो जाड दोऱ्याने घट्ट शिवलेला असावा. नवी घोंगडी हाताला राठ व ताठ लागते, कारण विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. हा दोष समजू नये. वापराने ती मऊ होत जाते. अंगाला टोचते म्हणून ती नाकारणाऱ्यांनी आत सुती सदरा घालावा, म्हणजे तक्रार राहत नाही.

घोंगडी वारंवार धुऊ नये. काठीने झटकून उन्हात टाकल्यास बहुतेक वेळा काम भागते. धुवावीच लागली तर थंड पाण्यात रिठ्याने धुवावी. गरम पाणी व धुण्याचा सोडा वर्ज्य करावा. त्यांनी लोकर आटते व तंतू कमजोर होतो. पिळू नये, सपाट जागी पसरून वाळवावी. पावसाळ्यापूर्वी स्वच्छ करून, कडकडीत ऊन देऊन, कडुनिंबाच्या पाल्यासह बांधून ठेवावी. कसर लागते ती प्रामुख्याने घामट व मळक्या लोकरीला, हे ध्यानात ठेवावे. एवढी निगा राखली तर चांगली घोंगडी वर्षानुवर्षे टिकते. मग तिची जास्त वाटणारी किंमत दरवर्षी फाटणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांच्या तुलनेत जास्त राहत नाही.

दारी आलेली लोकर

या प्रश्नाची दुसरी बाजू मेंढपाळांची आहे. दिवाळीनंतर देशावरून धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणात येतात. भात निघालेल्या खाचरांत मेंढरे बसविली जातात; शेताला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळास धान्य किंवा पैसा. हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. ही मेंढरे प्रामुख्याने दख्खनी जातीची असतात. एका मेंढीपासून वर्षाकाठी साधारण अर्ध्या किलोच्या आसपास लोकर मिळते. ती राठ व बहुधा काळी असते. मऊ कापडाच्या गिरणीस ती चालत नाही, परंतु घोंगडीस तीच लागते. सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील सनगर व खुटेकर धनगर कुटुंबांनी ही विणकला सांभाळली आहे.

आज स्थिती अशी आहे की, पुष्कळ ठिकाणी लोकरीच्या विक्रीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही आणि कातरलेली लोकर टाकून दिली जाते. मेंढी पाळली जाते ती मांसासाठी. म्हणजे एकीकडे खांबच्या शिवारात राखणदार कुडकुडतो आणि दुसरीकडे त्याच्याच खाचरात बसलेल्या मेंढरांची लोकर उकिरड्यावर जाते. यात दोष एकट्या मेंढपाळाचा नाही, विणकराचा नाही आणि शेतकऱ्याचाही नाही. या तिघांना एकत्र आणणारी व्यवस्था नाही, हे खरे दुखणे आहे.

अशी व्यवस्था अशक्य नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवर घरोघरी हातमागावर विणल्या जाणाऱ्या लोकरीच्या कापडास १९९३ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. त्या बेटांवर रंगविलेल्या व कातलेल्या शुद्ध लोकरीपासून तेथील लोकांनी आपल्या घरी हाताने विणलेल्या कापडासच ‘हॅरिस ट्वीड’ हे नाव लावता येते. आपल्याकडे लगेच कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. खरी लोकर ओळखणारा आणि ती मागणारा गिऱ्हाईक तयार झाला, तरी पुष्कळ काम होईल.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या बाबतीत पुढाकार घ्यावा. श्रावण-भाद्रपदात गावच्या बैठकीत राखणीचा विषय निघतो, तेव्हाच वस्त्रांचाही विषय घ्यावा. किती कुटुंबांस घोंगडीची गरज आहे याची यादी करावी आणि शेतकरी गटाने किंवा महिला बचत गटाने ती मागणी एकत्र करून थेट विणकरांकडे नोंदवावी. एकेकट्याने बाजारात जाऊन भेसळीचा माल घेण्यापेक्षा यात दर व दर्जा दोन्ही साधतात. धाग्याची जळण-परीक्षा बैठकीतच करून दाखवावी; हजार शब्दांच्या व्याख्यानापेक्षा एक काडी अधिक काम करील. देशावरच्या कार्यकर्त्यांनी मेंढपाळ व विणकर यांची गाठ घालून द्यावी.

पुष्कळ ठिकाणी शेताची राखण मजुरीने दिली जाते आणि हे काम करणारे बहुतेक जण कातकरी, ठाकूर यांसारख्या गरीब समाजांतील असतात. त्यांना कोयता, विजेरी व डबा मालक पुरवितो. मग घोंगडी का पुरवू नये? ज्याच्या जागरणावर मालकाचे कोठार भरते, त्यास थंडीत उघडा बसविणे हे माणुसकीला धरून नाही आणि हिशेबालाही धरून नाही. राखणीचा करार करताना मजुरीबरोबर एक चांगली घोंगडी व एक लोकरीची बंडी देण्याचा प्रघात प्रत्येक गावाने पाडावा. हे उपकार नव्हेत, तो राखणीचाच खर्च आहे.

पीक उभे करण्यासाठी बियाणे, खत व औषधे यांवर शेतकरी हजारो रुपये खर्च करतो. त्या पिकाची अखेरची दीड-दोन महिन्यांची राखण मात्र एका फाटक्या चादरीच्या भरवशावर सोडतो. येत्या हंगामात माळा बांधण्यापूर्वी प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या घरातील घोंगडी उन्हात टाकून पाहावी. ती धड असल्यास सांभाळावी, नसल्यास वेळीच नवी घ्यावी. विळ्याला धार लावण्याइतकेच ते निकडीचे काम आहे.